बापू, त्या स्टॅम्प पेपरवर सही घेऊ नका

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला. घरची सहा एकर शेती, त्यात छोटी नर्सरी, आणि गेली चार वर्षं बाग-लॉन तयार करून द्यायची कामं घेतो. फार्महाऊस, मंगल कार्यालयांचे लॉन्स, एखादी शाळा. घरच्या ट्रॅक्टरला खड्डे मारायचं ऑगर मशीन जोडतो, सपाटीकरणाला जेसीबी भाड्याने आणतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या आठवड्यात एका लॉन्सचं काम चालू होतं. मालकाने लग्नाची तारीख दिलेली होती, दोन दिवसांत दीडशे खड्डे मारायचे होते. आमच्याच गल्लीतला पंचवीस वर्षांचा मुलगा तीन वर्षांपासून माझ्याकडे पाचशे रुपये रोजाने आहे. मला बापू म्हणतो. काळी माती ओली होती, ऑगरला चिकटत होती. ती काढायला तो वाकला आणि त्याचा गमछा शाफ्टवर गेला. त्याने तो हाताने ओढला. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली, कोपराखालचं हाड मोडलं. बोटं मातीतून शोधली, रसवंतीवरून बर्फ आणून त्यात टाकून नेली. डॉक्टर म्हणाले, उपयोग नाही. दवाखान्याचे एक लाख दहा हजार मी भरले. आता वडील आणि काका म्हणतात, आणखी पन्नास हजार देऊ आणि 'चूक माझीच, माझी काही तक्रार नाही' असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीची आहे, म्हणून ओळखीचे एक जण म्हणतात, अपघात शेतातच झाला असं सांगा. मुलाची आई एवढंच म्हणाली, "जे व्हयनं ते व्हयनं, बापू." मी त्याला सकाळीच गमछा काढ म्हणून सांगितलं होतं. चूक कुणाची? मी काय करू? लॉन्सवाल्याने माझे राहिलेले पैसे अडवलेत. रात्री डोळा लागत नाही.
एक वाचक, अमळनेर तालुका

बापू,

पत्राखाली तुम्ही नाव टाकलेलं नाही, म्हणून तो मुलगा तुम्हाला ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने लिहिते.

आधी घाईचं. तो स्टॅम्प पेपर करू नका. केला असेल तर फाडून टाका. आणि अपघात शेतात झाला असं कुठेही, कुणापुढेही बोलू नका. बाकीचं सावकाश सांगते, पण या दोन गोष्टी आज संध्याकाळीच वडिलांच्या आणि काकांच्या कानावर घाला. अशी लिखापढी माणूस दवाखान्यातून घरी आल्या-आल्या करून घेतात, त्याचं दुखणं आणि डोकं ठिकाणावर यायच्या आत.

माझा मामा शिंदखेडा तालुक्यातला. मी दहा-अकरा वर्षांची असताना मळणी यंत्रात त्याचा डावा हात मनगटापासून गेला. त्या काळात खेडोपाडी असे अपघात इतके होत होते की केंद्र सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा केला आणि थ्रेशर त्यात घातलं. मामाच्या गावापर्यंत तो कायदा कधी पोचला नाही. ज्याच्या खळ्यावर मामा कामाला होता, तो दवाखान्यात आला, डोळ्यांत पाणी आणलं, पैसे दिले आणि एक कागद पुढे केला. मामाने उरलेल्या हाताने सही केली. त्यानंतर तो माणूस आमच्या घरी आला नाही. पुढे-पुढे तर मामा पारावर बसलेला दिसला की तो वाट बदलायचा. पूर्वी दोघं एकत्र तमाशाला जायचे.

मला आठवतं ते ताटावरचं. कळण्याची भाकरी मोडायला दोन हात लागतात. मामा भाकरीची कड थोटकाखाली दाबून धरायचा आणि उजव्या हाताने तुकडा तोडायचा, भाकरी सरकायची, भरीत ताटाबाहेर जायचं. मामीने तुकडे करून द्यायला हात पुढे केला की तो ताट स्वतःकडे ओढून घ्यायचा. त्या कागदात या ताटाबद्दल काही नव्हतं.

म्हणून सांगते, तुमच्या काकांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. गावात मिटवायची रीत तशीच आहे. पण तो कागद तुम्हालाही वाचवणार नाही. कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा असा कोणताही करार कायद्यात रद्दबातल धरला जातो. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात हे होतं आणि तीच तजवीज आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. म्हणजे पन्नास हजार देऊनही तो मुलगा उद्या अर्ज करू शकतो. अर्जाला अपघातापासून दोन वर्षांची मुदत आहे. आणि त्या वेळी न्यायाधीशांपुढे तुमचाच कागद तुमच्या विरोधात बोलेल, की पंचवीस वर्षांच्या जखमी मुलाकडून हे लिहून घेतलं.

आता तुमचा खरा प्रश्न. चूक कुणाची?

"मी त्याला सकाळीच गमछा काढ म्हणून सांगितलं होतं" हे तुमचं वाक्य मी चार वेळा वाचलं. रात्री झोपू देत नाही ते हेच वाक्य असावं. त्याच्याआड उभं राहायला बघता, आणि ते पुरत नाही, हेही तुम्हाला कळतंय.

आपल्याकडे आखाजीच्या सुमारास पारा ४४-४५ वर जातो. त्या उन्हात मानेवर, कानावर कापड न घेता दिवसभर उघड्या रानात कोण उभा राहील? तुम्ही तरी राहिलात का? गमछा हे त्या मुलाचं संरक्षण होतं. तो काढायला सांगणं म्हणजे एका धोक्यातून दुसऱ्यात ढकलणं. त्याने तुमचं ऐकलं नाही असं नाही, त्याला ते शक्यच नव्हतं.

आणि शाफ्ट काय असतो ते बघा. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मागच्या मशीनला देणारा दांडा, पूर्ण वेगात मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर वीतभर धरा. एका सेकंदात दोन मीटर कापड तो गुंडाळून घेतो. अख्खा गमछा तेवढाच असतो. टोक अडकलं हे डोळ्याला दिसून मेंदूला कळेपर्यंत अर्धं कापड आत गेलेलं असतं. मग माणूस करतो ते उपजत करतो, कापड हाताने धरतो आणि मागे ओढतो, आणि हात कापडासोबत जातो. यात सावध मुलगा आणि बेसावध मुलगा असा फरक उरत नाही. तुमच्या जागी मी असते तरी हातानेच ओढलं असतं.

म्हणून या शाफ्टवर प्लॅस्टिकचं नळीसारखं कव्हर येतं आणि त्याला एक बारीक साखळी असते. साखळी ट्रॅक्टरला अडकवली की आत शाफ्ट फिरत राहतो आणि वरचं कव्हर जागच्या जागी थांबतं. त्यावर गमछा पडला तरी तो नुसता पडून राहतो. तुमच्या शाफ्टवर हे कव्हर होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं नव्हतं. गावोगावी बघते मी, कव्हर पहिल्या वर्षीच तडकतं, ग्रीस मारायला अडचण होते म्हणून कुणी काढून टाकतं, आणि साखळी तर नवीन असतानाच कुठेतरी जाते. आणखी एक बघा. ऑगर दगडाला लागला तर गिअरबॉक्स फुटू नये म्हणून तिथे एक शिअर बोल्ट असतो, तो मुद्दाम तुटावा असाच बनवलेला असतो. तो सारखा तुटतो म्हणून लोक हाताला येईल तो लांब बोल्ट ठोकतात. त्याचं शेपूट बोटभर बाहेर राहतं. फिरताना ते दिसत नाही, पण कापड नेमकं त्यालाच अडकतं. उद्या सकाळी जाऊन बघा. मशीन धुऊ नका, काही बदलू नका, आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. ते फोटो तुमच्याविरुद्ध जातील अशी भीती वाटेल. तरी काढा.

राहिली घाई. माती काढताना पीटीओ बंद का नव्हता? मी हिशेब केला. पीटीओ काढायचा, शाफ्ट पूर्ण थांबू द्यायचा, माती खरवडायची, पुन्हा लावायचा, याला एका खड्ड्यामागे एक मिनिट जास्त धरू. दीडशे खड्ड्यांचे अडीच तास. लॉन्सवाल्याने दिलेल्या तारखेत तुमच्याकडे ते अडीच तास नव्हते, आणि तुम्ही ते मागितले नाहीत. मला कळतं का मागितले नाहीत. लग्नसराईत एक काम हातचं गेलं की वर्षभर तो माणूस फोन उचलत नाही. पण ते अडीच तास त्या मुलाच्या हातातून गेले.

तर चूक मुलाची नाही. एकट्या तुमचीही नाही, पण ती निस्तरायची जबाबदारी तुमची आहे. कायदाही हेच म्हणतो. या भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामावर आणि कामामुळे झाला एवढं पुरतं. कामगाराने जरा निष्काळजीपणा केला, हे मालकाला म्हणून सुटता येत नाही. तो दारू प्यायलेला असेल किंवा बसवलेलं संरक्षक कव्हर त्याने जाणूनबुजून काढलं असेल, अशा मोजक्याच सबबी चालतात. मुळात न बसवलेलं कव्हर कोण काढणार? आणि 'आमचं बागेचं काम, कारखाना थोडाच आहे' असं कुणी सांगितलं तर तेही खरं नाही. १९२३ च्या कायद्यातून संहितेत आलेल्या यादीत बागकाम नाव घेऊन लिहिलेलं आहे, ट्रॅक्टरवरची शेतीही.

आता आकडा. मी वकील नाही, पण हा हिशेब एका वकील मैत्रिणीकडून तपासून घेतला आहे. पाचशे रुपये रोज, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १३,००० रुपये पगार. त्याचे ६० टक्के ७,८००. वय २५ असलं की कायद्यातल्या तक्त्यात गुणक आहे २१६.९१. गुणाकार होतो १६ लाख ९१ हजार ८९८. ही झाली संपूर्ण, कायमच्या अपंगत्वाची रक्कम. एका हाताची दोन बोटं गेली तर त्याच कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरतात. म्हणजे सुमारे ३ लाख ३८ हजार रुपये. मोडलेलं हाड नीट जुळलं नाही, मनगट वळेना, मूठ आवळेना, तर डॉक्टरांच्या दाखल्यावरून टक्के वाढतात. सर्वोच्च न्यायालयापुढे पन्नास वर्षांपूर्वी एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. न्यायालयाने म्हटलं, हा माणूस आता सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचं नुकसान पूर्ण शंभर टक्के धरा. परिशिष्टातला आकडा छापील आहे, पण माणूस कोणतं काम करत होता हेही बघितलं जातं. तुमच्याकडच्या मुलाचा उजवा हात आहे, बापू. फावडं, कात्री, कलम बांधायची पट्टी, सगळं तो त्याच दोन बोटांनी धरत होता.

तुम्ही भरलेले दवाखान्याचे एक लाख दहा हजार यातून वजा होणार नाहीत. उपचाराचा खर्च वेगळा, तो मालकानेच करायचा असतो. जितके दिवस तो घरी बसून आहे तितके दिवस दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे २५ टक्के, म्हणजे ३,२५० रुपये, ही तात्पुरत्या अपंगत्वाची रक्कम ठरलेली आहे. हे लगेच सुरू करा, आणि जमलं तर पूर्ण पगार द्या. रोख दिलंत तरी वहीत लिहून त्याची सही घ्या. बँकेत टाकलंत तर उत्तम.

एवढे पैसे आणायचे कुठून, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार.

ट्रॅक्टरची पॉलिसी कपाटातून काढा आणि कुणीतरी जाणकार बसवून अक्षर न् अक्षर वाचा. चालक आणि कामगारांसाठी वेगळा हप्ता भरला आहे का ते बघा. विमा कंपनीला अपघाताची लेखी माहिती द्या, खरी माहिती. शेतीच्या पॉलिसीवर भाड्याचं काम केलं म्हणून ते दावा नाकारतीलही. नाकारू द्या, लेखी घ्या, त्यावर भांडता येतं. पण 'शेतात झालं' असं एकदा लिहून दिलंत की दवाखान्यातली नोंद एक सांगणार, लॉन्सवरचे दहा मजूर दुसरं सांगणार. विमा तर जाईलच, वर खोट्या दाव्याचं प्रकरण अंगाशी येईल. आणि त्या मुलाचं काय होईल बघा. तो तुमच्या कामावर होता हाच त्याच्या हक्काचा पाया, तोच तुम्ही पुसून टाकाल. मोटार वाहन कायद्याखाली दावा करायचा की कामगार भरपाईचा, हे त्याच्या वकिलाला ठरवू द्या. दोन्हीकडे पात्र असेल तर एकच वाट निवडावी लागते, दोन्ही भरपाया मिळत नाहीत.

वकील त्याचा वेगळा हवा. तुमचा वकील त्याला देऊ नका, कितीही चांगल्या मनाने असलं तरी. अमळनेरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, जळगावला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अशा कामगाराला वकील फुकट मिळतो. फोनवर १५१०० लावला तरी माहिती मिळते. त्याला गाडीवर बसवून तुम्हीच घेऊन जा. गावात लोक म्हणतील, स्वतःच्या गळ्यात स्वतःच फास घालतोय. म्हणू द्या.

तडजोड करायचीच असेल तर ती अधिकाऱ्यापुढे नोंदवलेली करा. जळगावच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेलात की हे प्रकरण कुणाकडे, कोणत्या नमुन्यात द्यायचं ते कळेल. रक्कम फारच कमी वाटली तर तिथे नोंदणी नाकारतात, म्हणूनच नोंदवलेल्या तडजोडीला वजन आहे. जेवढी रक्कम तुम्हाला मान्य आहे तेवढी आधी जमा करा, वादाचं नंतर बघता येतं. देणं लागू झाल्यापासून महिन्याच्या आत दिलं नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला पटण्यासारखं कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. कर्ज काढावं लागेल. एखादं अवजार विकावं लागेल. मी खोटा धीर देत नाही, तुमची दोन-तीन वर्षं ओढाताणीची जातील.

लॉन्सवाल्याला साध्या मराठीत पत्र लिहा, तारीख टाकून. झालेलं काम, ठरलेली रक्कम, मिळालेली, राहिलेली. अपघात झाला म्हणून पूर्ण झालेल्या कामाचे पैसे अडवता येत नाहीत. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

दवाखान्याच्या कागदांकडे वळू. दाखल करताना एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्याची नोंद) झाली का, पोलिसांनी जबाब घेतला का, डिस्चार्ज कार्डावर अपघाताचं कारण काय लिहिलंय, हे बघा. 'घरी पडल्याने' असं कुणी घाईत लिहून ठेवलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज आताच द्या. मूळ कागद त्या मुलाच्या घरी ठेवा, तुमच्याकडे झेरॉक्स.

बोटांबद्दल एक लिहायचं होतं आणि कसं लिहावं कळत नव्हतं. तुम्ही बर्फात घालून नेलीत, चांगल्या मनानेच. पण तुटलेला भाग थेट बर्फाला लागला की पेशी गारठून मरतात. माती हलक्या हाताने स्वच्छ पाण्याने धुवायची, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा, कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरायचा आणि १०८ ला फोन करायचा. शाफ्टने पिळून तोडलेली बोटं नीट नेली तरी जोडता येतीलच असं नसतं, तेव्हा या गोष्टीचं ओझं घेऊ नका. माझ्या वाचकांत ट्रॅक्टरवाले, थ्रेशरवाले, कुट्टी मशीनवाले पुष्कळ आहेत, म्हणून लिहिलं.

तुम्ही काम बंद करणार नाही, करूही नये. दहा-बारा घरं त्यावर चालतात. पण ते ऑगर मशीन कव्हर आणि साखळी बसवल्याशिवाय पुन्हा जोडू नका. शाफ्ट फिरत असताना ट्रॅक्टरच्या मागे कुणी जायचं नाही, माती काढायची तर पीटीओ बंद, इंजिन बंद, आणि किल्ली माती काढणाऱ्याच्या खिशात. ड्रायव्हरच्या नव्हे, त्याच्या. मग चुकून कुणी चालू करूच शकत नाही. माती हाताने नाही, खुरप्याने किंवा पट्टीने. खड्डे मारायच्या आदल्या दिवशी पाणी सोडू नका, काळी माती ओली असली की ऑगरला लापशीसारखी चिकटते. वाफसा आला की मारा. गमछ्याचं म्हणाल तर तो बंद करायच्या भानगडीत पडू नका. डोक्याला घट्ट गुंडाळून टोकं आत खोचायची, किंवा मागे मान झाकणारी टोपी तुम्ही सगळ्यांना घेऊन द्या. काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवा, पुन्हा चारनंतर. उन्हाने डोकं जड झालेला माणूस मशीनजवळ नको.

जेसीबीच्या वेळी माझी काळजी खडे वेचणाऱ्या बायांची. मशीन पुढे चालतं आणि त्या मागून, बाजूने वाकून वेचत असतात, तोंडाला पदर बांधलेला, इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. ऑपरेटरला मागची बकेट फिरवताना बाजूचं माणूस दिसत नाही. एकच माणूस खुणेला ठेवा, त्याने हात वर केल्याशिवाय मशीन मागे येणार नाही, आणि मशीन चालू असेतो बायांनी दुसऱ्या टोकाला काम करायचं. जेवायच्या सुट्टीत बकेट जमिनीवर टेकवलेली हवी, हवेत टांगलेली नाही. तिच्या सावलीत माणसं भाकरी खायला बसतात, मी बघितलंय. हायड्रॉलिकचा पाइप गळतोय का हे हात फिरवून बघू देऊ नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून तेल कातडीच्या आत शिरतं. वरून मुंगी चावल्यासारखं दिसतं आणि आत हात सडत जातो. पुठ्ठा धरून बघायचं, आणि तेल टोचलंच तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी सर्जनकडे. पाम उतरवायला हायड्रा क्रेन आणाल तेव्हा आधी मान वर करून विजेची तार बघा.

पुढचं काम घ्यायच्या आत डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगार भरपाईचा विमा, काढा. टेंडरवाले ठेकेदार काढतातच, छोट्यालाही मिळते, किती माणसं आणि किती महिने एवढं सांगावं लागतं. आणि तुमच्या माणसांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते का बघा. मंडळाच्या कामांच्या यादीत सार्वजनिक उद्यानं आणि 'रमणीय भू-प्रदेश' यांचं बांधकाम आहे. सरकारी मराठीत तुमच्या धंद्याला एवढं गोड नाव आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदार म्हणून तुम्हालाच देता येतो. ज्या माणसांनी तितकं काम केलंय त्यांना तो या आठवड्यात लिहून द्या.

आता त्या मुलाकडे. तुम्ही त्याच्या घरी शेवटचं कधी गेलात? पत्रात नाही. आई "जे व्हयनं ते व्हयनं" म्हणाली, ते ऐकून तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं असेल. मला तसं ऐकू आलं नाही. आपल्याकडच्या बाया हे वाक्य मर्तिकाच्या वेळीही म्हणतात. ज्या माणसावर घर चालतं त्याच्याशी भांडता येत नाही म्हणूनही म्हणतात. तिने तुम्हाला माफ केलंय असं त्यातून समजू नका.

रविवारी जा. वडिलांना सोबत न्या, काकांना नको. स्टॅम्प पेपरची गोष्ट त्याच्या कानावर गेलीच असेल, गल्लीत काय लपतं? तेव्हा तुम्हीच काढा. म्हणा, असा विचार आमच्या घरात झाला होता, तो मी मोडला. शाफ्टला कव्हर नव्हतं आणि मशीन मी बंद करायला लावलं नाही, हेही त्याच्या आईसमोर स्पष्ट सांगा. किती पैसे देणं लागतो ते आकडा घेऊन सांगा, आणि आज किती आणलेत तेही. तो रागावला तर रागावू द्या. गप्प बसला तर तुम्हीही बसा, लगेच उठू नका.

कामाचं त्याला विचारा, तुम्ही ठरवू नका. नर्सरीत ठिबकचं वेळापत्रक, रोपांची नोंद, गाडी भरून घेणं अशी कामं आहेत. पण त्याला कदाचित मशीनजवळ यायचंच नसेल. कदाचित डाव्या हाताने कलम बांधायला शिकायचं असेल. फिजिओथेरपी मात्र चुकवू देऊ नका. हाड जुळलं की घरचे म्हणतात झालं बरं, आणि उरलेली बोटं आखडून जातात. जाण्या-येण्याचं भाडं तुमच्याकडून.

आणि मला पुन्हा लिहा. टाके निघाले का, मूठ किती मिटते, आणि तो आता जेवतो कोणत्या हाताने, एवढं कळवा.

तुमची
ताई